दुसरा भाग निघालाच नाही

सबनीसबाईंनी मला फसवलं. वजनात नाही, पैशात नाही. एका कादंबरीच्या दुसऱ्या भागाबाबत फसवलं. त्या पनवेलच्या बाजारपेठेत वाचनालय चालवायच्या आणि मी उरण नाक्याजवळच्या मच्छी बाजारात ओट्यावर बसते. मासा हातात न घेता तो कधी पाण्याबाहेर आला हे सांगणारी मी, आणि ही फसवणूक कळायला मला आठ वर्षं लागली. बाईंवर राग आहेच. थोडा माझ्या डोळ्यांवरही आहे.

यंदा पुन्हा तेच दिवस आलेत म्हणून हे सगळं वर आलं. पावसाळ्यात समुद्रात जायला बंदी असते, ती थेट नारळी पुनवेपर्यंत. होड्या खाडीकाठी वर ओढलेल्या, त्यांच्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. बाजारातले अर्धे ओटे रिकामे. जो मासा येतो तो लांबच्या राज्यातून बर्फात झोपून येतो, कळंबोलीला ट्रकमधून उतरतो आणि इथे येईपर्यंत त्याचे डोळे कापसासारखे झालेले असतात. मी तो विकत नाही. या दिवसांत मी सुकं विकते: सोडे, जवळा, बोंबील, फार तर कधीमधी खाडीतल्या चिंबोऱ्या नि शिंपल्या. सुकं विकण्यात मजा नाही. ताज्या माशाची वेळ टळली की माल गेला, म्हणून आवाज चढतो, हात चालतात, गिऱ्हाइकाशी भांडण होतं आणि भांडणात दिवस जातो. सुकं आज नाही तर उद्या. मग आवाज आतच राहतो आणि आत वळवळत बसतो. कोयता कोरडा, ओटा कोरडा, आणि माझे हात नुसते मांडीवर. मला ते बघवत नाहीत.

त्या वर्षीही हात असेच पडले होते. वर आणखी एक गोष्ट होती. माझा नवरा हिराजी तेव्हा न्हावा शेव्याहून सुटणाऱ्या एका खासगी टगवर खलाशी होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना आणि बार्जना, म्हणजे मालाच्या बिनइंजिनी तराफ्यांना, ओढणारी ठेंगणी बोट. मे महिन्यात ती एक बार्ज ओढत आखाताकडे गेली. पहिल्या पंधरवड्यात दोन फोन आले. मग बंद. टगवर माणसं भरणाऱ्या एजंटच्या कचेरीत गेलं की तो म्हणायचा, "ताई, येतील हो, काळजी कशाला करता?" मी म्हटलं, "काळजी आमची आमी करू, तू बोट कुठंय ते सांग." ते त्याला सांगता यायचं नाही.

घरात बसवेना. बाजारात मन लागेना. अशीच एका दुपारी मी भांड्यांच्या दुकानावरच्या त्या जिन्याने वर गेले.

शिक्षण माझं सातवीपर्यंत माहेरी आणि दहावी बाहेरून, ओट्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. वाचायची भूक होती, पण वाचनालय म्हणजे चपला बाहेर काढून आत जाणाऱ्या बायकांचं. मी आत गेले तशी खुर्चीवरच्या एका बाईने पदर नाकाला लावला. मी तिला म्हटलं, "ताई, वास माशांचा हाय, माझा नाय. रविवारी तुमच्या घरी पण येतो तोच." ती लाल झाली. टेबलामागून हसण्याचा आवाज आला. त्या सबनीसबाई. काठाची सुती साडी, चष्मा दोरीला बांधलेला, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र.

"काय वाचायला आवडतं?" त्यांनी विचारलं.

"मना काय म्हाईत? तुमचा माल तुमाला ठाऊक. चांगलं असंल ते द्या. शिळं देऊ नका."

"शिळं म्हणजे?"

"जे तुमी स्वतः वाचून टाकून दिलं असंल ते."

बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मी न वाचलेलं पुस्तक तुम्हाला देणार नाही आणि वाईट असेल तर वाईट आहे म्हणून सांगेन. पण तुम्हीही मला मासे तसेच द्यायचे. मला मासे कळत नाहीत, आजवर सगळ्यांनी फसवलंय."

असा आमचा सौदा झाला. लिहून ठेवला नाही, पण माझ्या लेखी तो पक्का होता. मी माझी बाजू पाळली. बाई पिशवी घेऊन यायच्या आणि मी सगळ्या बाजारासमोर सांगायचे: "आज सुरमई नको. आठ दिवसांचा बर्फ खाल्लाय तिनं. शेजारची काय सांगते तिकडं लक्ष देऊ नका." शेजारच्या ओट्यावरची मला शिव्या द्यायची. पुनवेच्या सुमाराच्या चिंबोऱ्या घेऊ नका, आत पोकळ असतात. अमावास्येला घ्या, भरलेल्या मिळतील. एकदा त्यांना तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, हव्या होत्या. मी दिल्या नाहीत. "का?" "खाडीचं पाणी दोन दिवस काळं येतंय. मी घरात पण आणल्या नाय." दिल्या नाहीत, पण का देत नाही ते तोंडावर सांगितलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बाईंनीही पाळली, असंच मी समजत होते. त्यांची शिफारस चुकायची नाही. एक पुस्तक देताना म्हणाल्या, "पहिली चाळीस पानं रटाळ आहेत, सहन करा." तशीच निघाली. दुसऱ्याबद्दल म्हणाल्या, "सगळे वाहवा करतात, मला नाही आवडलं, तुम्ही बघा." मलाही नाही आवडलं आणि दोघींनी मिळून त्या लेखकाला असं सोललं की पदरवाल्या बाईसुद्धा हसल्या. एकदा पुस्तकाबरोबर कोऱ्या कागदांची वही आणि एक जाड काळी पेन्सिल दिली. "ही मऊ असते. दाबायची नाही, नुसती फिरवायची. वाचून झालं की हातांना काम."

"मी काय काढू?"

"जे तुम्हाला डोळे मिटून दिसतं ते."

मी पापलेट काढलं. शेजारीण म्हणाली बांगडा दिसतोय. दुसऱ्या दिवशी कल्ल्यापासून सुरुवात केली, कारण मासा मी कल्ल्यापासूनच बघते, आणि मग तो मासा झाला. पेन्सिलीला टोक मी कोयत्यावर काढायचे, हे ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. पण तो कागद त्यांनी सभासदांच्या नियमांच्या पाटीशेजारी चिकटवला. येणारे जाणारे विचारायचे कोणी काढलंय, आणि बाई माझं नाव सांगायच्या. आडनावासकट.

बुद्धिबळही त्यांनीच शिकवलं. वाचनालय बंद व्हायच्या आधी अर्धा तास, कोणी नसेल तेव्हा. "रिकाम्या मनाला हा खेळ चांगला," म्हणाल्या. मला नाही चांगला. मी घाई करायचे आणि माझा उंट जायचा. मग मी म्हणायचे, "बाई, उंट परत द्या, मी एक प्यादं आणि घोडा देते."

"सुनंदाबाई, इथे घासाघीस चालत नाही."

"मग हा कसला खेळ? दोघं समोरासमोर बसलेत आणि बोलायचं नाय?"

आज मला वाटतं तो खेळ बाईंचाच होता. समोरासमोर बसायचं आणि बोलायचं नाही.

बाईंचे मिस्टर दुबईला असतात असं त्या सांगायच्या. पनवेलमध्ये त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे जुन्या लोकांनी पाहिलं होतं, फार वर्षांपूर्वी, बॅग घेऊन स्टँडकडे जाताना. मागे पत्र नाही, फोन नाही. हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक होतं, आणि बाईंसमोर सगळी बाजारपेठ म्हणायची, "साहेब बरे आहेत ना दुबईला?" मीही एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो, बरे आहेत." आणि पुस्तकावरची धूळ पुसू लागल्या. पुस्तकावर धूळ नव्हती.

आषाढ लागला तेव्हा त्यांनी मला ती कादंबरी दिली. पहिला भाग. नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही शोधत जाल. गोष्ट शिडाच्या गलबतांच्या काळातली. किनाऱ्यावरची एक बाई, तिचा नवरा माल घेऊन गेलाय, आणि ती त्याच्या वाटणीचे सुके बोंबील आढ्याला बांधून ठेवते. कोणालाही हात लावू देत नाही. जावा चिडवतात, सासू शिव्या देते, उंदीर येतात, ती रात्रभर जागून उंदीर हाकलते. पहिला भाग तिथेच संपतो: गलबत दिसलं अशी हाक येते आणि ती धावत सुटते. पुढचं पान कोरं.

मी दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी जिन्यावर उभी होते.

"दुसरा भाग द्या."

बाई कुलूप काढत होत्या. किल्ली फिरली, कुलूप निघालं, तरी त्या ते हातात धरून उभ्या राहिल्या. "दुसरा भाग निघालाच नाही हो."

"असं कसं? वर 'भाग पहिला' लिवलंय."

"लिहायचा होता त्यांना. राहून गेला."

"मग तिचा नवरा आला का नाय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"आला असणार. गलबत दिसलं ना."

बाईंनी मान हलवली आणि आत जाऊन टेबलावरचा गठ्ठा सारखा केला.

त्या दिवसापासून पुढचे चाळीस दिवस दुसरा भाग मी लिहिला. कागदावर नाही. सोडे निवडताना, पाणी भरताना, एजंटच्या कचेरीबाहेरच्या बाकावर. रोज मी तिच्या नवऱ्याला घरी आणला. एकदा तो लंगडत आला. एकदा दाढी वाढवून आला आणि तिने ओळखलं नाही. एकदा बोंबील बघून हसला आणि म्हणाला, एवढे खवट झाले, फेकून दे. ती रडली. मीही रडले, सोडे ओले झाले, गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, ह्याला पाणी सुटलंय." मी त्याला हाकललं. सांगते आहे ते खरं आहे: त्या घडवून आणलेल्या येण्यांनी मला उभं ठेवलं. हे मी बाईंच्या बाजूने एकदाच म्हणते. पुन्हा म्हणणार नाही.

हिराजी आला. नारळी पुनवेच्या चार दिवस आधी, दुपारी, खजुराचा प्लास्टिकचा डबा हातात, दाढी खरंच वाढलेली. टगचं इंजिन बसलं होतं, परक्या बंदरात कागदांत अडकले होते, मोबाइल पाण्यात गेला होता. एवढंच. मी आधी त्याला मिठी मारली आणि मग एवढ्या शिव्या दिल्या की सगळा कोळीवाडा दारात जमला.

बंदी उठल्यावर पहिला ताजा माल आला तेव्हा बाई बाजारात आल्या. मी त्यांच्यासाठी सुरमई बाजूला ठेवली होती. म्हटलं, "बाई, माझं गलबत तर आलं. आता तुमच्या त्या लेखकाला पत्र लिवा, म्हणावं दुसरा भाग लिव."

"सांगितलं ना, निघालाच नाही," त्या म्हणाल्या आणि मी सांगितला तो भाव देऊन मासा पिशवीत घातला.

बाई नेहमी भाव करायच्या. वाईट करायच्या, पण करायच्या. त्या दिवशी एक शब्द नाही. भाव न करणारं गिऱ्हाईक काहीतरी लपवत असतं, हे मला पहिल्या पाटीपासून माहीत आहे. फूटपाथवर बसत होते तेव्हापासून. आणि तरी मी तो मासा बांधून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. आनंदात होते. आनंदात माणसाला कमी दिसतं.

वर्षं गेली. जिन्याशेजारच्या दुकानात मुलं गेम खेळायला यायची, तेही दुकान बंद पडलं, कारण गेम खिशात आला. माझ्या पुतण्याने माझ्या फोनवर एक खेळ टाकून दिला, त्यात रंगीत मासे ओळीत लावायचे. "काकी, तुझ्यासाठीच हाय," म्हणाला. मी खेळून बघितला. निळ्या रंगाचं पापलेट! त्याला म्हटलं, ज्याने हा बनवला त्याने मासा बघितलेला नाय, आणि तू मला ज्याची शिफारस करतोस ते आधी स्वतः नीट बघत जा. तो म्हणाला, "अगो, खेळ हाय तो." असेल. मला शिफारस ही खेळायची गोष्ट वाटत नाही. दुसऱ्याच्या दिवसातले चार तास आपण मागतो, त्याची जबाबदारी नको?

वाचनालयातली गर्दी आटली. पदरवाल्या बाई वारल्या. एका मे महिन्यात बाई म्हणाल्या, आता बहिणीकडे पुण्याला जाते. गेल्या. मला सांगून गेल्या, पण पत्ता देऊन नाही. मालकाने गाळा रिकामा करायला घेतला आणि पुस्तकं किलोवर निघाली.

मी गेले. रद्दीवाला पोती भरत होता. दोन पोती वाचनालयाची आणि एक पोतं बाईंच्या खोलीवरून आलेलं. मी म्हटलं, "बाईंच्या ह्या पोत्यातलं मी निवडून घेणार."

"निवडून नाय मिळणार मावशी. घ्यायचं तर अख्खं पोतं."

"मासे घ्यायला येशील तेव्हा अख्खी पाटी देईन तुला, डोकी, शेपटं, सगळं. चालेल?"

"पुस्तकाचं आणि माशाचं वेगळं असतं."

"काय वेगळं? दोन्ही उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये."

तो हसला आणि पोतं माझ्यासमोर उलटं केलं. आणि त्यात ते होतं. तेच मुखपृष्ठ, तोच शिडाचा आकार, फक्त रंग वेगळा. खाली छापलेलं: भाग दुसरा. पहिला भागही त्याच पोत्यात होता; छापल्याचं साल त्याच्या पुढच्याच वर्षाचं. म्हणजे मी जिन्यावर उभी होते तेव्हा हे पुस्तक म्हातारं होतं.

वाचनालयाच्या पुस्तकांत एक रीत असते, सगळ्यांना ठाऊक नसते. इतकी पुस्तकं वाचली की कोणतं वाचलं ते आठवत नाही. म्हणून प्रत्येक वाचक आपला एक ठरलेला पानाचा आकडा धरतो आणि त्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने आपली खूण करतो. पुन्हा पुस्तक हातात आलं की ते पान उघडायचं, खूण दिसली की परत ठेवायचं. माझी खूण बाविसाव्या पानावर, दोन रेघांचा मासा. बाईंनी एकदा मला पकडलं होतं. "नियमात बसत नाही," म्हणाल्या, आणि मग हळूच, "माझी एक्कावन्नाव्या पानावर असते. अर्धा चंद्र." त्या वाचनालय चालवायच्या आणि स्वतःच नियम मोडायच्या, याचा मला किती आनंद झाला होता.

मी रद्दीवाल्याच्या समोर, उभ्या उभ्या, एक्कावन्नावं पान उघडलं. अर्धा चंद्र होता. त्याच्याखाली आणखी एक. त्याच्याखाली आणखी. मी मोजले. नऊ. काही पुसट, काही ठळक, एक वेगळ्याच पेन्सिलीचा. खूण एकदाच करायची असते. ही नऊ वेळा केली होती.

"काय मावशी, पैसे ठेवलेत का आतमध्ये?" रद्दीवाला म्हणाला.

मी पोतं अख्खं घेतलं. भाव केला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

गाळ्याच्या भिंतीवर नियमांची पाटी होती. तिच्याशेजारी माझ्या माशाच्या जागी चिकटपट्टीचे चार तुकडे होते, कागद नव्हता. तो फाडलेला नव्हता, सोडवून नेलेला होता. कोणी नेला, हेही मला विचारायचं आहे.

दुसरा भाग मी दोन दिवसांत वाचला. बातमी तिसऱ्याच पानावर येते. गलबत दुसऱ्याचंच असतं, आणि त्यावरचा एक जण तिला सांगतो की तुझा नवरा येणार नाही. तिसरं पान. नंतर तीनशे पानं आहेत. त्या तीनशे पानांत ती आढ्याचे बोंबील सोडते, धुते, शिजवते आणि ज्या जावांनी चिडवलं त्यांना जेवायला बोलावते. मग ती विकायला बसते. भांडते. तिला वजनात फसवतात, ती शिकते. कर्जाने एक होडी घेते आणि तिला कोणाचंच नाव देत नाही. एका पानावर ती भर बाजारात अशी हसते की मी पुस्तक मिटून ओट्यावर एकटी हसले. ती बाई मला ओळखीची होती. ती मीच होते, फक्त माझा नवरा परत आला होता.

बाई, तिसऱ्या पानाला घाबरून तुम्ही माझी तीनशे पानं ठेवून घेतलीत. हा माझा राग आहे. ते पान मी सोसलं असतं. त्या तिसऱ्या शिंपल्या दिल्या नाहीत तेव्हा मी तुम्हाला काळं पाणी दाखवलं होतं ना? तुम्हीही म्हणायचं होतं: सुनंदाबाई, दुसरा भाग आहे, पण आज देत नाही, नवरा आला की न्या. मी भांडले असते, तुमच्या टेबलावर हात आपटला असता, आणि थांबले असते. आणि तो आल्यावर? तेव्हा तरी का नाही दिलात? मी तर तुमच्यासमोर सुरमई घेऊन उभी होते.

त्या नऊ चंद्रांनी माझा राग सरळ राहू दिला नाही. नऊ वेळा तिसरं पान ओलांडून तुम्ही त्या तीनशे पानांत राहायला गेलात. गळ्यात मंगळसूत्र, ओठांवर दुबई. मग ते पुस्तक माझ्यासाठी लपवलंत, की ते तुमचं घर होतं आणि तिथे दुसरं कोणी यायला नको होतं? मी हे महिनोन्‌महिने उलटंपालटं करते आहे. एका अंगाने बघितलं की तुम्ही मला मऊ समजलात म्हणून डोकं फिरतं. दुसऱ्या अंगाने बघितलं की खाली बसते. पुन्हा उठते. कोरडा कोयता उगाच धुते.

एवढंच असतं तर मी हे कोणाला सांगितलंही नसतं. पण परवा रंजना आली.

रंजना हे नाव मी बदललं आहे. आमच्याच आळीतली, सव्वीस वर्षांची, नवरा सामान पोचवणाऱ्या बोटीवर. बारा दिवस फोन नाही. बारा म्हणजे काहीच नाही, मी तिला सांगितलं, आमच्या वेळी दोन महिने झाले होते. माझ्या घरी आता दीडशे पुस्तकांचं फडताळ आहे, बायका येतात, "मावशी, कायतरी चांगलं दे," म्हणतात, आणि मी देते. रंजनाला मी पहिला भाग दिला. का दिला? ते चाळीस दिवस मला त्याने उभं ठेवलं होतं म्हणून. विचार नाही केला. हात गेला आणि दिला.

दोन दिवसांत परत आली. डोळे सुजलेले, पण चालीत जोर होता.

"मावशी, दुसरा भाग दे गो."

दुसरा भाग तिच्या खांद्यामागे, फडताळात, सुक्या बोंबलांच्या डब्याला टेकून उभा होता. मान वळवली असती तर दिसला असता. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून कधी खोटा भाव गेला असेल, हातून खोटा माल कधी गेला नाही.

"निघालाच नाय," मी म्हटलं.

"काय सांगते! मग तिचा नवरा आला असंल ना?"

"असंल."

"येणारच गो. गलबत दिसलं ना." ती हसली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पावसात तशीच निघून गेली.

मी फडताळासमोर उभी राहिले. मला माझा आवाज ओळखू येईना. तो तुमचा होता, कुलूप हातात धरून उभ्या राहिलेल्या बाईचा. एकदा खोटं सांगितल्यावर ते परत घेणं किती अवघड असतं, हेही तेव्हाच कळलं. उद्या तिचा नवरा सुखरूप आला आणि तिने पुन्हा विचारलं, तर मी काय म्हणणार? आणि नाही आला, तर त्या तीनशे पानांची गरज जिला सगळ्यात जास्त तिला मी सांगून बसले आहे की ती लिहिलीच गेली नाहीत.

तेव्हा बाई, आता हे माझ्या एकटीचं भांडण राहिलेलं नाही. तुमचा पत्ता कोणाकडे नाही, पण रविवारची पुरवणी तुम्ही पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथे लिहिते. रंजनाकडे पेपर येत नाही. तुम्ही मला फसवलंत ते फसवलंतच, वर मला फसवायला शिकवलंत, आणि त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. माझ्यासाठी लपवलं असेल तर तसं सांगा; मग मी पुस्तक पदराखाली घेऊन आज संध्याकाळीच रंजनाच्या दारात जाते, तिसऱ्या पानाला तिच्याशेजारी बसते आणि ते पान उलटेपर्यंत उठत नाही. स्वतःसाठी ठेवलं असेल तर तेही सांगा. मग ते पुस्तक तुमचं आहे, येऊन घेऊन जा, मी वजनाने घेतलं होतं, तुम्हाला तसंच देते.

पण दुबईचं सांगू नका. धूळ पुसू नका. मी तुम्हाला प्रत्येक मासा कल्ला उघडून दाखवला आहे. आता तुमची पाळी. उघडा, आणि दाखवा.